खंडपीठाचं पंचांग

"आज उभं राहायचं नाही," प्रफुल्ल गावंडे म्हणाला.

जयाताई उच्च न्यायालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती आणि चप्पल काढून टाचा चोळत होती. अंजनगावहून पहिली बस धरून ती खंडपीठाच्या शहरात आली होती. डब्यात तिखट पुऱ्या होत्या, पिशवीत पाण्याची बाटली होती, आणि आज एकदाचं काहीतरी होणार असं तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. प्रफुल्लच्या त्या एका वाक्याने ते सगळं उतरलं.

"काहून?" ती म्हणाली. "नंबर लागला म्हणत होता ना तू?"

"लागलाय ताई. पण आज योग बरा नाही."

"योग? तू वकील हायेस का जोशी?"

तिने आपलं सहज विचारलं, पण बाईने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. कारण प्रफुल्लच्या हातातल्या पाटीवर, म्हणजे टॅबलेटवर, जे यंत्र चालू होतं त्याचं कंपनीने ठेवलेलं नाव होतं 'निर्णयकल', आणि ते नाव अख्ख्या बार रूममध्ये कोणी उच्चारत नव्हतं. सगळे त्याला पंचांग म्हणत. "पंचांग काय म्हणतंय?" "अहो, पंचांग बघून घ्या मग बोला." शिकल्यासवरल्या, काळे कोट घातलेल्या माणसांची ही भाषा!

आता हे पंचांग काय, ते सांगतो. अपिलात नवा पुरावा सहसा येत नाही, साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहत नाहीत. खालच्या कोर्टाने गोळा केलेल्या कागदांवरच दोन वकील भांडतात आणि न्यायमूर्ती ऐकतात. म्हणजे सगळा मामला शब्दांचा, आणि शब्द यंत्राला वाचता येतात. चाळीस वर्षांचे निकाल त्याला आधीच खाऊ घातलेले होते. त्यात गेल्या काही वर्षांपासून सुनावणीतलं प्रत्येक वाक्य आपोआप टिपलं जायला लागलं. कुठल्या न्यायमूर्तींनी कोणाला किती टोकलं, कुठल्या निवाड्याचं नाव काढल्यावर "पुढे चला" म्हटलं, शेवटी निकाल कोणाचा लागला, हे सगळं यंत्र जुळवून बघायचं. मग तुमचं अपील त्याच्यापुढे ठेवलं, की अमुक न्यायमूर्तींपुढे आज उभे राहिलात तर शंभरात किती वेळा जिंकाल, हे ते सांगायचं. दर काही महिन्यांनी कुठल्या न्यायमूर्तींकडे कुठल्या प्रकारची प्रकरणं जायची, ते बदलतं. त्याला रोस्टर म्हणतात. पुढचं रोस्टर काय असेल, याचाही अंदाज पंचांग देई.

पूर्वी ही विद्या जुन्या वकिलांच्या पोटात असायची. "अमक्या साहेबांपुढे जेवणाच्या सुट्टीआधी जाऊ नका, त्यांना भूक सोसत नाही," असलं काहीबाही ते कानात सांगत. यंत्राने तीच कुजबुज मोजून दाखवली, एवढंच. आणि ते दहातल्या आठ वेळा बरोबर ठरायचं! प्रफुल्लची अर्धी प्रॅक्टिस त्यावर उभी राहिली होती. गावंडे वकील कधी हरत नाहीत अशी ख्याती झाली, कारण हरायची वेळ आली की गावंडे वकील उभेच राहत नसत.

त्या दिवशी न्यायमूर्ती टाकसाळे यांच्यापुढे पंचांग दाखवत होतं एकतीस.

"दोन आठवड्यांची तारीख घेतो," प्रफुल्ल म्हणाला. "रोस्टर बदलणार आहे. दुसरे न्यायमूर्ती आले की बघू."

जयाताईने चप्पल पायात घातली. "तुले जे समजते ते कर बाप्पा," ती म्हणाली. "पण पोरगी तिकडं हाये रे."

पोरगी म्हणजे मिहिका. सगळे तिला मिही म्हणत. जयाताई ही प्रफुल्लची मावसबहीण. शाळेची सगळी वर्षं त्याने अंजनगावला मावशीच्या घरी काढली, आणि त्याला डबा करून देणारी, त्याच्या शर्टाला बटणं लावणारी ती जयाताईच. तिची धाकटी बहीण प्रीती डेंग्यूने गेली तेव्हा मिही रांगत होती. प्रीतीचा नवरा निशिकांत पोर घेऊन आला, "दोन महिने सांभाळा ताई, मी सावरतो जरा," म्हणाला, आणि मस्कतला नोकरीवर निघून गेला. त्या दोन महिन्यांची चार वर्षं झाली. जयाताईचा शिवणक्लास होता, लग्न तिने केलं नव्हतं. मिही कापडाच्या चिंध्यांत वाढली आणि तिला आई म्हणायला लागली.

मग निशिकांत परत आला. दुसरं लग्न केलेला, शहरात फ्लॅट घेतलेला. माणूस वाईट नव्हता हो, हीच तर पंचाईत होती. दारुडा असता, मारकुटा असता तर बरं झालं असतं. त्याला त्याची मुलगी हवी होती. बाप हा नैसर्गिक पालक, असं म्हणून जिल्हा न्यायालयाने मिही त्याला दिली. कोर्टाची माणसं न्यायला आली तेव्हा ती शिवणयंत्राच्या पायडलला मिठी मारून बसली होती. प्रफुल्ल तेव्हा तिथेच होता. तिची बोटं एकेक करून सोडवताना त्याने पाहिली आणि जयाताईला म्हणाला, "परत आणतो. माझा शब्द."

त्या शब्दासाठी हे अपील होतं. म्हणूनच एकतीसवर तो उभा राहायला तयार नव्हता. दुसऱ्या कोणाचं प्रकरण असतं तर कदाचित रेटलंही असतं. घरचं होतं ना!

पुकारा झाला. प्रफुल्लने वाकून सांगितलं, "माय लेडी, व्यक्तिगत अडचण आहे. दोन आठवडे मिळावेत."

टाकसाळे मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मुलगी पाच वर्षांची आहे, मिस्टर गावंडे. आणि तुम्हाला अडचण आहे?"

"दोनच आठवडे, माय लेडी."

त्या समोरच्या बाजूच्या वकिलाकडे वळल्या. निशिकांतच्या वकील नंदा सरोदे. प्रफुल्लपेक्षा चार वर्षांनी वरिष्ठ, कॅन्टीनमध्ये एकाच टेबलावर चहा पिणाऱ्या. "आमची हरकत नाही," सरोदेबाई म्हणाल्या.

हरकत कशी असणार? वकिलांत एक रीत आहे, आणि ती कुठल्याही कायद्यापेक्षा कडक पाळली जाते. समोरच्याने तारीख मागितली तर विरोध करायचा नाही. आज त्याची अडचण, उद्या तुमची. जो विरोध करतो त्याच्या चहाला बार रूममध्ये सोबत उरत नाही.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "पण येताना एवढं तयार करून या. बाप जिवंत असताना, धडधाकट असताना, या मावशीला हक्क आला कुठून?"

प्रफुल्लने पाटीकडे पाहिलं. त्या एका प्रश्नासरशी एकतीसचे सव्वीस झाले होते. वाचलो, असं त्याला वाटलं. बाहेर येऊन त्याने जयाताईला तसं सांगितलंही. "बाई पार विरोधात आहेत ताई. आज उभा राहिलो असतो तर गेलंच होतं."

*

दोन आठवडे म्हणता म्हणता किती गेले ते सांगत बसत नाही. रोस्टर बदललं, दुसरे न्यायमूर्ती आले, आकडा चाळीस झाला. प्रफुल्ल म्हणाला, अजून थांबू. मग उन्हाळ्याची सुट्टी, जी आता उन्हाच्या लाटांमुळे जूनच्या शेवटापर्यंत लांबत असे. मग तिसरे न्यायमूर्ती, आणि आकडा पुन्हा खाली.

दरम्यान एक गोष्ट झाली. पंचांग स्वस्त झालं. आधी ते बड्या वकिलांकडे होतं, मग सगळ्यांकडे आलं. सरोदेबाईंकडेही आलं. आणि मग उच्च न्यायालयात जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. गणित साधं आहे, पण कोणी आधी केलं नव्हतं. एकाच अपिलात एकाचा आकडा एकतीस असेल तर समोरच्याचा एकोणसत्तर असणार. म्हणजे कुठल्याही दिवशी, कुठल्याही न्यायमूर्तींपुढे, दोघांतल्या एकाचा योग वाईट असणारच! आणि ज्याचा वाईट, तो तारीख मागणार. आणि दुसरा, रीतीप्रमाणे, विरोध करणार नाही.

कोर्टात न्यायमूर्ती सकाळी फायली वाचून तयार होऊन बसत. बोर्डावर प्रकरणांची ही लांबलचक यादी असे. आणि एकेक वकील उठून वाकून व्यक्तिगत अडचण सांगे. कोणाची आई आजारी, कोणाची पाठ धरलेली. तारीख नाकारली तर डॉक्टरचा दाखला येई. त्यातूनही एखादा उभा राहिलाच आणि न्यायमूर्तींनी दोन तिखट प्रश्न विचारले, तर तो दुसरी जुनी वाट धरी. ती म्हणजे अपील मागे घेणं. विरोधात लेखी निकाल गेला तर तो जन्मभर मानगुटीवर बसतो, त्यापेक्षा मागे घेतलेलं बरं, अशी ही शहाण्यांची रीत. पूर्वी ती क्वचित वापरत. आता पाटीवरचा आकडा खाली यायला लागला, की वकील वाक्य अर्धं सोडून म्हणत, "मागे घेण्याची परवानगी असावी."

"काय मजा आहे बघ," वाकोडेसाहेब एकदा कॅन्टीनमध्ये म्हणाले. हे प्रफुल्लचे गुरू, ऐंशीला टेकलेले. "आम्ही हरायचो. भरपूर हरायचो. पण हरता हरता कायदा थोडा सरकायचा. तुम्ही लेकाचे हरतच नाही. कायदा आहे तिथेच बसलाय, बूड टेकून."

"साहेब, अशिलाचं नुकसान कसं करायचं जाणूनबुजून?"

"असं आहे का," वाकोडेसाहेब म्हणाले आणि बशीत चहा ओतून फुंकर मारत बसले.

*

अपील चालू असेतोवर जयाताईला मिहीला भेटायची मुभा होती. महिन्यातून एकदा, शनिवारी, जिल्हा न्यायालयाच्या बालकक्षात. पिवळ्या भिंती, प्लास्टिकची घसरगुंडी, दाराशी एक कर्मचारी. निशिकांत मिहीला आणून सोडायचा आणि बाहेर गाडीत बसून राहायचा.

जयाताई दर खेपेला एक फ्रॉक शिवून न्यायची. टेपने माप घ्यायला मिही तयार होत नसे, तिला गुदगुल्या व्हायच्या, म्हणून जयाताई विती टाकून माप घेई. पुढच्या महिन्यापर्यंत पोरगी वाढेल म्हणून वाढत्या अंगाचं शिवी. पहिल्या वर्षी मिही आल्या आल्या तिच्या मांडीत घुसायची आणि निघताना रडून आकांत करायची. दुसऱ्या वर्षी रडणं थांबलं. तिला तिकडे एक भाऊ झाला होता, शाळा होती, पोहण्याचा क्लास होता. फ्रॉक ती हातात घेऊन "छान आहे" म्हणायची आणि घडी मोडायची नाही.

एकदा प्रफुल्ल तिच्याबरोबर गेला होता. मिही आता आठ वर्षांची, जीनची पँट घातलेली, पुढचे दोन दात मोठे आलेले. ती त्या घसरगुंडीकडे न बघता खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मावशी, तू कशी आहेस?"

जयाताईने तिच्या तोंडावरून हात फिरवला, पुऱ्या खायला घातल्या, शाळेचं विचारलं. नेहमीसारखं सगळं केलं. मिही गेल्यावर ती फाटकाबाहेर लिंबाखाली येऊन उभी राहिली आणि तिथेच मटकन खाली बसली.

"मावशी म्हटली रे मले."

प्रफुल्ल तिच्याशेजारी टेकला. "ताई, लहान आहे ती. तिकडे शिकवलं असेल."

"कोणी शिकवलं नाई. निशिकांत तसा माणूस नाई." तिने पदराने नाक पुसलं. "प्रफुल्ल, ऐक माहं. हरलो तं हरलो. तू उभा राय. निदान कोणीतरी ऐकलं तं असन. मी इथं येतो न् जातो, येतो न् जातो, अजून कोणी विचारलंबी नाई मले का बाई तुहं म्हणणं काय हाये."

"एकदा हरलो की संपलं ताई. मग काही करता येत नाही."

"आता काय करता येते?"

त्याच्याकडे उत्तर होतं. पुढच्या रोस्टरला डहाके न्यायमूर्ती येण्याची शक्यता होती, आणि त्यांच्यापुढे आकडा पन्नासच्या वर जात होता. त्याने तिला तेच सांगितलं. तिने मान डोलावली. लहानपणापासून ती त्याच्या हुशारीवर विसंबून होती. आताच कशी अविश्वास दाखवणार?

*

डहाके आले. पंचांगाने अठ्ठावन्न दाखवलं. प्रफुल्लने आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. मावशीचा हक्क कुठून आला, या प्रश्नाचं उत्तर त्याने इतकं घोटून काढलं की झोपेतून उठवलं असतं तरी त्याने ते शब्दनशब्द म्हणून दाखवलं असतं. हक्क मावशीचा नाहीच, माय लॉर्ड. हक्क मुलीचा आहे, जिला आई म्हणत ती वाढली तिच्याजवळ राहण्याचा. जयाताईला त्याने सांगितलं, या वेळी नक्की.

पुकारा झाला. प्रफुल्ल उभा राहिला. आणि सरोदेबाई वाकून म्हणाल्या, "माय लॉर्ड, व्यक्तिगत अडचण आहे."

अर्थातच! त्यांच्याकडे बेचाळीस होते.

प्रफुल्लने वीस वर्षांत कधी न केलेली गोष्ट केली. "माझी हरकत आहे, माय लॉर्ड. मुलगी मोठी होत चाललीय. आजच ऐकावं."

सरोदेबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. मागच्या रांगेतल्या वकिलांनी माना वर केल्या. डहाके न्यायमूर्ती फाइलची पानं उलटत हसले. "मिस्टर गावंडे, आतापर्यंतच्या तारखा कोणी घेतल्या हे वाचून दाखवू का?"

प्रफुल्ल खाली बसला. दुसरं काय करणार? बाहेर जयाताई बाकावर होती, आणि तिला काही सांगावं लागलं नाही. तिने त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि पुऱ्यांचा डबा पिशवीत परत ठेवला.

दुपारी कॅन्टीनमध्ये सरोदेबाई त्याच्या टेबलावर आल्या. "रागावू नकोस," त्या म्हणाल्या. "तुझ्या जागी मी असते तर... जाऊ दे. माझ्या अशिलाचंही मन आहे रे. त्या पोरीशिवाय त्याला करमत नाही. मी जाणूनबुजून हरू का?"

हे त्याचंच वाक्य होतं.

त्यानंतर आकडा चढला नाही. डहाक्यांपुढे पुढच्या तारखेला बावन्न, मग सत्तेचाळीस. न्यायमूर्ती तेच, कागद तेच, मग हा उतरतो का? प्रफुल्लने एकदा कॅन्टीनमध्ये बसून पंचांग उघडून आतली मांडणी पाहिली. कशाला किती वजन, ते तिथे दिसायचं. एरवी ते कोणी बघत नसे, शेवटचा आकडा पुरायचा. अगदी वर एक ओळ होती, जी सुरुवातीला कुठे तळाशी पडलेली असणार. मुलीचा सध्याच्या घरातला काळ.

तो बघतच राहिला. मूल जिथे रुजलं तिथून हलवू नये, असं न्यायालयं नेहमी म्हणत आलीत. त्यात यंत्राचं काही चुकलं नव्हतं. त्याने घेतलेली प्रत्येक तारीख त्या ओळीत जाऊन बसत होती. तो चांगल्या दिवसाची वाट बघत होता, आणि वाट बघण्यानेच दिवस वाईट होत होते. पाटीवर दर वेळी दिसणारा आकडा फक्त आजचा होता. थांबलं तर काय होईल, हे त्याने कधी विचारलं नाही आणि यंत्राने आपणहून सांगितलं नाही.

अरे देवा, असं तो मोठ्याने म्हणाला. शेजारच्या टेबलावरचा वकील दचकला.

*

शेवटी रोस्टर फिरून फिरून पुन्हा टाकसाळे मॅडमकडे आलं. मिही आता अकरा वर्षांची झाली होती. पंचांगाने दाखवलं सात.

"आज उभं राहायचं," प्रफुल्ल म्हणाला.

जयाताईच्या केसांत आता पांढरं बरंच दिसत होतं. तिने विचारलं नाही योग कसा आहे. तिने फक्त साडीचा काठ सारखा केला.

सरोदेबाईंकडे त्र्याण्णव होते, त्यांना अडचण नव्हती. प्रफुल्लने बोलायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच वाक्याला मॅडमनी टोकलं. "बाप असताना मावशीला हक्क कुठून आला?"

त्याने उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा टोकलं. कायदा काढला, जुना निवाडा काढला, त्याच्या युक्तिवादातली भोकं एकेक करून दाखवली. पाटीवर सातचे चार झाले. त्याच्या मागे कोणीतरी कुजबुजलं, "घे मागे, घे." प्रफुल्लने पाटी पालथी घातली आणि बोलत राहिला. मिही पायडलला धरून बसली होती ते सांगितलं. वितीने घेतलेली मापं सांगितली. तासभर तो बोलला. मॅडमनी शेवटी टोकणं थांबवलं आणि त्या खूप वेळ लिहीत राहिल्या.

"मुलीशी मी बोलेन," त्या म्हणाल्या. "चेंबरमध्ये. एकटीशी."

मिही बापाबरोबर मागच्या बाकावर बसली होती, ती आत गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली आणि बापाशेजारी जाऊन बसली. मग दोन्ही वकिलांना आत बोलावणं आलं.

टाकसाळे मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. "मुलगी समजूतदार आहे," त्या म्हणाल्या. "म्हणाली, माझी शाळा इथे आहे, भाऊ लहान आहे, त्याला माझ्याशिवाय झोप येत नाही. मावशीकडे सुट्टीत जायला आवडेल. मी विचारलं, तुला अंजनगावचं आठवतं का? म्हणाली, शिवणयंत्राचा आवाज आठवतो."

"मिस्टर गावंडे, पहिल्यांदा तुम्ही माझ्यापुढे आलात तेव्हा मी तुम्हाला एक प्रश्न दिला होता."

"हो, मॅडम. मावशीला हक्क कुठून आला."

"आज जे उत्तर दिलंत, ते तेव्हा का नाही दिलंत?" त्यांचा आवाज चढला, आणि त्यांनी तो मुद्दाम खाली आणला. "मी त्या दिवशी सगळी फाइल वाचून आले होते. माझं मन जवळजवळ तुमच्या बाजूने झालं होतं. मी ज्याच्याकडे झुकलेली असते, त्यालाच जास्त झोडपते. त्याचं म्हणणं निकालात लिहायचं असतं मला, आणि ते वर सर्वोच्च न्यायालयात टिकायला हवं. उत्तर तुमच्या तोंडून यायला हवं होतं. बस्स, तेवढंच."

प्रफुल्ल पुढे झुकला. "पण मॅडम, पंचांग... म्हणजे तुमच्यापुढचे निकाल..."

"कुठले निकाल? लोक माझ्या दुसऱ्या प्रश्नाला अपील मागे घेतात. मागे घेतलेलं अपील तुमचं ते यंत्र हरलेलं म्हणून मोजतं. मग पुढचा वकील अजून लवकर घाबरतो. मी मान्य कोणाचं करू? माझ्यापुढे कोणी उभंच राहत नाही." त्यांनी चष्मा उचलला, पण लावला नाही. "त्या दिवशी तुम्ही उभे राहिला असता तर मुलगी दुसऱ्या दिवशी अंजनगावला असती. आज मी काय करू, सांगा. आज तिला तिथून उचलणं हाच अन्याय होईल. तुमच्या पाटीवर काय आहे? चार, पाच? बरोबर आहे ते. मला बदलता येत नाही. मीही त्याच कायद्याने बांधलेली आहे."

सरोदेबाई खाली जमिनीकडे बघत होत्या. त्या जिंकल्या होत्या, पण त्यांच्या तोंडावर तसं काही नव्हतं.

बाहेर येऊन मॅडमनी इंग्रजीत निकाल सांगितला. अपील नामंजूर. उन्हाळ्याची अर्धी सुट्टी आणि दिवाळीचे चार दिवस मावशीकडे. पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला, एक वकील उठून वाकला आणि त्याला व्यक्तिगत अडचण होती.

*

व्हरांड्यात मिही जयाताईजवळ आली. "येते मावशी. मे महिन्यात येईन मी." जयाताईने तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. निशिकांतने हात जोडले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसाच वळला. बापलेक जिन्याने उतरून गेले. मिहीने वळणावरून हात केला.

जयाताई बराच वेळ त्या जिन्याकडे बघत उभी होती. मग तिने प्रफुल्लला विचारलं, "आत बोलावलं होतं तुम्हाले. काय म्हणे बाई?"

"हेच. मुलगी तिथे रमलीय म्हणाल्या."

"खरं हाये ते. मलेबी दिसते." ती बाकावर बसली. "एक विचारू? खरं सांगजो. आपण पहिल्याच खेपेला उभं राहिलो असतो ना, ती लहान होती तवा. तं भेटली असती का रे?"

प्रफुल्लने तिच्याकडे पाहिलं. तिच्या बोटांवर सुईचे टोचे होते, सगळ्या आयुष्याचे. तिने त्याच्यावर एकदाही आवाज चढवला नव्हता. खरं सांगितलं तर ती अंजनगावला जाऊन त्या यंत्रासमोर बसेल आणि उरलेलं आयुष्य ती एकच सकाळ उगाळत राहील. की त्याला स्वतःलाच ते तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं? देव जाणे. त्यालाही ते नीट कळलं नाही.

"नाही ताई," तो म्हणाला. "तेव्हाही हरलोच असतो."

जयाताईने डोळे मिटले. छातीत इतकी वर्षं धरून ठेवलेला श्वास तिने सोडला, आणि तिचा चेहरा खरोखर मोकळा झाला. "मग बरं," ती म्हणाली. "मले सारखं वाटे, आपणच थांबून थांबून घालवली पोरगी. नशिबातच नव्हती म्हणजे. मग कोणाचा दोष नाई."

प्रफुल्लचा बांध तिथे फुटला. काळा कोट घातलेला, कधी न हरणारा गावंडे वकील भर व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, लहान पोरासारखा रडायला लागला.

"अरे, अरे! तू काहून रडतं?" जयाताई घाईने उठली. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पदराने पुसायला लागली, शाळेत जाताना पुसायची तसं. "तुह्यानं होतं तेवढं तू केलं बाप्पा. तुह्या जागी दुसरा असता तं इतके वर्षं लढला असता का? गप. गप आता. तू होता म्हणून मले धीर होता."

ती त्याचे डोळे पुसत राहिली.